गळ्यात हात

"गुडघा कामातून गेलाय असं मीच कळवून टाकलं!" हेपवर्थ म्हणाला आणि टाळ्यांसाठी थांबला.

टाळ्या पडल्या. बार्कशॉ क्लबाचा हा सेक्रेटरी बोलायला उभा राहिला की टाळ्या घेतल्याशिवाय खाली बसत नसे. आज तर कॅप्टनचा निरोप होता. चौदा हंगाम तेरा जणांची रग्बी खेळून, त्यांतले नऊ कॅप्टन म्हणून काढून, जेबेझ रशवर्थने दुपारीच शेवटचा सामना संपवला होता. पबच्या माडीवर लांबलचक टेबल मांडलं होतं. हॅम होतं, लोणच्यातला तांबडा कोबी होता, बिअरला तर मोजमापच नव्हतं.

"चार वर्षं पोटात ठेवलं बघा," हेपवर्थ रंगात आला. "देशाच्या संघातून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी दोघांना बोलावणं आलं होतं. आपला इलाय आणि आपला कॅप्टन. आता, इलाय गेला तर भागेल. पण ऐन कपाच्या तोंडावर कॅप्टनच बोटीत जाऊन बसला, तर आपण काय चर्चमध्ये भजनं म्हणायची? त्याच आठवड्यात कॅप्टनला फाटकातून लंगडत जाताना पाहिलं आणि म्हटलं, सापडलं! दिलं संघ निवडणाऱ्यांना कळवून. राग नाही ना, कॅप्टन?"

सगळे खो खो हसले. जेबेझच्या हातातला ग्लास मात्र ओठापाशी आला होता, तो तिथंच राहिला.

लंगडत तो एकदाच गेला होता. गुडघ्याची सूज दोन दिवसांत उतरलीही होती. तेव्हा आधाराला होता एकटा इलाय सग्डन. एका गल्लीत वाढलेले दोघे. एक लोकरीच्या गिरणीत गेला, दुसरा कोळशाच्या खाणीत, पण शनिवारी मैदानावर खांद्याला खांदा. पुढे वर्तमानपत्रात दौऱ्याची नावं आली. सग्डन होता. रशवर्थच्या नावापुढे 'गुडघ्याची दुखापत' असं छापलं होतं. गुडघ्याचं ठाऊक होतं एकट्या इलायला, मग सांगणार दुसरं कोण? जेबेझने तिथल्या तिथे निकाल लावला. सहा महिन्यांनी इलाय परतला तो उन्हाने रापून, जेबेझच्या बायकोसाठी शिंपल्यांची डबी घेऊन. जेबेझने दार उघडलं नाही.

क्लब सोडून दोघंही कुठे जाणार होते? स्क्रममध्ये त्यांची जागा शेजारी शेजारी. दर शनिवारी तीस-चाळीस वेळा एकमेकांच्या गळ्यात हात घालायचे, डोकी खाली खुपसायची, गालाला गाल घासत समोरच्यांना चिखलात रेटायचं. आणि शिट्टी झाली की शब्द नाही. चार हंगाम असे गेले.

जेबेझ उठला. टेबलाच्या पार टोकाला इलाय बसला होता. त्याच्यापाशी जाऊन तो म्हणाला, "बाहेर ये जरा."

मागच्या अंगणात रिकामी पिंपं रचली होती. ऊन कलत होतं.

"मला वाटलं, तू सांगितलंस."

"ते कळलं मला," इलाय म्हणाला. "बोटीवरून उतरलो त्या दिवशीच. तुझ्या दारात."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस का? परस्पर ठरवून मोकळा झालास. मी काय तुझ्या उंबऱ्यावर शपथा घेत बसायचं होतं?"

जेबेझचे दोन दात एकदा मैदानावर पडले होते, तेव्हा ते थुंकून तो पुन्हा स्क्रममध्ये शिरला होता. आज त्याने हातातला ग्लास पिंपावर ठेवला आणि मान खाली घातली.

"चुकलं माझं, इलाय."

इलाय हसला, अगदी गल्लीतल्या दिवसांसारखा. "चार वर्षं तुझा तो चुरगळलेला कान माझ्या गालाला घासतोय, लेका. एवढी शिक्षा खुन्यालाही देत नाहीत. जाऊ दे." त्याने हात पुढे केला.

जेबेझने तो दोन्ही हातांनी धरला.

"एक मात्र आज उलगडलं," इलाय म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी कपाच्या अंतिम सामन्याला मला बाहेर बसवलं. काय तर म्हणे, खांदा निखळलाय. ठणठणीत होता खांदा! तुम्ही तेरा जण पदकं घेऊन आलात. आमचा म्हातारा म्हणायचा, पोराचं पदक बघतो नि मग डोळे मिटतो. बघितलंच नाही त्याने. खोटं कुणी सांगितलं, हे तेव्हापासून शोधतोय. बायको म्हणायची, जेबेझच असणार. तिला म्हटलं, गप बस. तो बोलणार नाही, पण खेळात लबाडी करायचा नाही. तिला आज घरी जाऊन सांगतो. तुझा गुडघा, माझा खांदा, सगळी एकाच माणसाची करणी. हेपवर्थच ना?"

वरच्या खिडकीतून कुणीतरी कॅप्टनच्या नावाने हाळी दिली. आत गाणं सुरू झालं होतं.

"त्याच्याशिवाय दुसरं कोण?" जेबेझ म्हणाला.

इलायने त्याच्या गळ्यात हात टाकला आणि दोघे जिना चढू लागले. त्या अंतिम सामन्याचा संघ ठरला त्या गुरुवारी हेपवर्थ तापाने अंथरुणावर होता. कमिटीसमोर उभं राहून खांद्याचं सांगितलं होतं ते कॅप्टनने.