विमलबाईची तपासणी

डॉक्टर मॅडमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं जानरावच देत होता. विमलबाई शेजारच्या स्टुलावर बसली होती. रिठदहून वाशीमपर्यंत एसटीत उभं राहून दोघंही दमली होती. बसल्याबरोबर जानरावनं कूलर बंद करायला सांगितला. बायकोला वारं सोसत नाही म्हणाला.

वर्षभरापासून हिच्या ध्यानात काही राहत नाही, असं त्यानं सांगितलं. डबा द्यायला विसरते, निरोप पोचवत नाही. मागच्या महिन्यात तर हद्द झाली. तो गावचा वायरमन. दुपारी डोळा लागला असताना सबस्टेशनातून फोन आला, की तीन वाजता लाइन सुरू करतो. फोन विमलबाईनं उचलला. जोडीदार सतीश तेव्हा खांबावर होता. झटका बसून तो खाली पडला. जीव वाचला, पण हात मोडला.

"हिनं सांगतलं असतं, त मी त्याले उतरवलं असतं."

विमलबाईनं हातातला केसपेपर मॅडमपुढं सरकवला.

मॅडमनं तिलाच विचारलं, अजून काय होतं?

"झोप लय वाढली. उठलं तरी थकवा जात नाही. मे महिन्यातई थंडी वाजते."

मॅडमनं समजावून सांगितलं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम मंदावलं, की डोक्यात धुकं साचल्यासारखं होतं. ऐकलेलं टिकत नाही, लक्ष लागत नाही. माणूस बेफिकीर नसतो, आजारी असतो. रक्त तपासू, तेच निघालं, तर रोजच्या गोळीनं फरक पडेल.

जानराव हलका झाला. वर्षभर बायकोला टाकून बोललो, याचं त्याला वाईटही वाटलं. बाहेरच्या बाकावर त्यानं तिला पाण्याची बाटली दिली.

"जानराव इंगळे," सिस्टरनं हाक मारली.

पेशंट बायको आहे, असं त्यानं सांगितलं. सिस्टरनं कागद पुन्हा पाहिला. नाव तेच होतं.

विमलबाईनं त्याच्या शर्टाची बाही हळूच वर सारली.

"निरोप मी दोनदा सांगतला होता. तुमी हो म्हनलं अन् पुन्हा झोपले," ती म्हणाली. "केसपेपर मीच तुमच्या नावानं काढला. माह्या दुखण्यासाठी म्हणून तुमी इथवर आले. तुमच्यासाठी चला म्हनलं असतं, त आले नसते."