हिरवा सांधा

"आणखी एक काढ," साहेब तिच्या खुर्चीमागून म्हणाले.

तिने पडद्यावरच्या सांध्यातला आणखी एक बोल्ट पुसला. गणित पुन्हा चालवलं. सांधा हिरवाच.

तुळई खांबाला जिथे भेटते, त्या जागेचे तिने संगणकात हजारो बारीक तुकडे केले होते. कोणत्या तुकड्यावर किती ताण, ते रंग सांगत. हिरवा म्हणजे निर्धास्त, लाल म्हणजे घात. याच मॉडेलच्या भरवशावर मागच्या महिन्यात एका गोदामाच्या छपराचे सांधे आठ बोल्टांवरून चारावर आले होते. ड्रॉइंग साइटवर गेलं होतं. तिथला मुकादम तिचा सख्खा दादा. आज दुसऱ्या इमारतीचा सांधा तिने त्याच मॉडेलमध्ये घातला होता.

"पोरी, तुझ्या हाताखाली लोखंडसुद्धा उपास करायला शिकलं!" शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले.

तिला चेव आला. गंमत म्हणून तिने उरलेले सगळे बोल्ट एकदम काढून टाकले.

सांधा हिरवाच.

काका खदखदून हसले. "आता बोल्टवाल्याने दुकानाला कुलूप लावावं!" साहेबही हसले. मग कोणीच हसेना.

बोल्टच नाहीत, तर तुळई उभी कशाच्या आधारावर?

ती मॉडेलच्या पोटात शिरली. काम लवकर उरकावं म्हणून बोल्ट ज्यांना जोडतात त्या दोन्ही लोखंडी प्लेटी एकमेकींना घट्ट चिकटल्या आहेत, असं तिनेच संगणकाला सांगून ठेवलं होतं. तो बिचारा निष्ठावान. त्याने शब्द मानला आणि सगळा भार त्या नसलेल्या गोंदावर तोलून धरला. बोल्ट नुसते शोभेला होते.

तिने गोदामाचा सांधा उघडला. गोंद काढला, भार बोल्टांवर सोपवला. चारही बोल्ट लालभडक झाले.

तिने दादाला फोन लावला.

"बोला, इंजिनिअरबाई!" दादा मजेत होता.

"दादा, गोदामाच्या तुळया चढवू नकोस. तुला देवाची शपथ आहे, एकही चढवू नकोस!"

"तुळया? अगं, वर पत्रेसुद्धा टाकून झाले. बाहेर ऊन मी म्हणतंय, म्हणून सगळ्या पोरांना तुझ्याच छपराखाली जेवायला बसवलंय."