ऐकू येणारं छत

बाई रंगमंचाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि कानात सांगावं इतक्या हळू म्हणाल्या, “ऐकू येतंय का रे?” अगदी शेवटच्या रांगेतून नाट्यगृहाच्या मालकानं हात वर केला. माईक नाही, स्पीकर नाही. बाईंचा चेहरा लेकीचं कौतुक करणाऱ्या आईसारखा उजळला.

हे जुनं नाट्यगृह टिकावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं होतं. वास्तुकलेच्या महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर लोक जग बघायला निघतात. बाई कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिल्या. अखेर वारसा समिती पाहणीला यायला तयार झाली. समितीनं एकदा शिक्कामोर्तब केलं, की इथल्या विटेलाही कुणी हात लावू शकणार नव्हतं. तोवर मात्र इमारत मालकाची होती, आणि मालकाला ती पाडून दुकानं काढायची आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणूनच नवऱ्यानं बजावलं होतं, की त्याला काही सांगत बसू नकोस, तुला शिकवल्याशिवाय चैन पडत नाही. बाईंना ते पटलंही होतं. पण मालक एकेकाळचा त्यांचाच विद्यार्थी. वर्गात कायम पेंगणारा, शिक्षण अर्धवट टाकून वडिलांच्या धंद्यात शिरलेला. तो आदल्या दिवशी स्वतःहून घरी आला. खालमानेनं म्हणाला, मी त्या इमारतीत लहानाचा मोठा झालो, पण तिच्यात एवढं आहे तरी काय ते मला कळलंच नाही. एकदा नीट समजावून सांगाल का? बाई विरघळल्या.

आता वर बोट दाखवून त्या शिकवत होत्या. लाकडी पट्ट्यांचं ते कमानदार छत, पट्ट्यांमागची पोकळी, आवाज झेलून मागे नेणारा उतार. असं छत जोडणारे सुतार आता शोधून सापडायचे नाहीत, त्या म्हणाल्या. मालक जिवाचा कान करून ऐकत होता. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना प्रश्न विचारला.

“बाई, आणि हे छत नसेल तर?”

“तर ही नुसती वखार रे. समिती ढुंकूनही बघणार नाही.”

घरी येऊन बाई नवऱ्याला म्हणाल्या, इतकी वर्षं शिकवलं, पण खरा विद्यार्थी आज मिळाला.

पाहणीच्या दिवशी समितीच्या तिघांना घेऊन बाई आल्या, तेव्हा मालक दारातच अदबीनं उभा होता. त्यानं पाहुण्यांना खुर्च्या पुसून दिल्या. बाईंनी वर पाहिलं. वर उघडा पत्रा होता. छताची एक पट्टी म्हणून शिल्लक नव्हती, आणि जमीन झाडून लख्ख केलेली होती. फार वाळवी लागली होती हो, मालक सांगत होता. उद्या प्रेक्षकांच्या डोक्यावर कोसळलं असतं म्हणजे? समितीच्या अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांना अजून दुसऱ्या इमारती बघायच्या होत्या.

बाई धडपडत रंगमंचावर चढल्या. वाळवीबिळवी सगळं खोटं आहे, छत ठणठणीत होतं, नेमकं काय काढायचं हे मीच माझ्या तोंडानं याला शिकवलं, असं त्यांना सांगायचं होतं. त्या बोलूही लागल्या. पण आवाज वरच्या पत्र्यातच विरत होता आणि शब्द पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नव्हते. अध्यक्ष उठायच्या बेतात होते. बाईंना रडू फुटलं.

शेवटच्या रांगेत मालक बसला होता. त्यानं वर्गातल्यासारखा हात वर केला.

“बाई, जरा मोठ्यानं. इथे काहीच ऐकू येत नाही.”