घंटीच्या मागे

पिस्तूल कुठून आणणार? सुतळी बॉम्ब फोडून शर्यत सोडली. दारव्ह्याच्या चौकातून सगळ्या सायकली एकदम सुटल्या, आणि कलीम शेखने इंद्रजीत राठोडचं मागचं चाक धरलं ते धरलंच.

इंद्रजीतच्या सीटखाली बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी बांधलेली होती. त्याच्या पणज्याच्या काळी तांड्यातली माणसं बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायची, तेव्हा सगळ्यात पुढच्या बैलाच्या गळ्यात ती असायची. आता सायकलला घंटी, तीही बैलाची! सुटायच्या आधी पोरांनी त्याला चारा आणला काय, पेंड आणली काय, असं विचारून बेजार केलं. इंद्रजीत नुसता हसला. लाजणं त्याला ठाऊक नव्हतं, आणि तोंड बंद ठेवणं तर त्याहून नाही.

आताही बडबड चालूच होती. खड्डा आला बे, उजवीकडून घे. उतार हाये, पाय ढिले सोड. झोपला काय? सरावाच्या वेळी कलीमला याचा भारी राग यायचा. ही शर्यत दोनदा मारलेल्या माणसाला हा बाप्पा शिकवणार! आज मात्र तो बोलत राहावा असंच वाटत होतं.

दोनदा मारली होती हे खरं, पण ते बोंडअळीच्या सालाआधी. त्या साली कपाशी माणसाच्या छातीला लागली, अळीने बोंडं पोखरली, आणि घरचं वावर वाचवायला कलीम रोज पाठीवर पंप घेऊन फवारत राहिला. एका दुपारी धुऱ्यावरच कोसळला. जीव वाचला, अल्लाची मेहेरबानी. पण दवाखान्यातून परतला तो कलीम वेगळाच होता. सायकल खुंटीला टांगली. घराबाहेर पडेना. शगुफ्ताशी मंगनी झालेली होती, ती मोडायचा निरोपही त्यानेच धाडला. तिच्यावर जीव होता म्हणूनच धाडला.

शगुफ्ता काही गाय नव्हती, दावं सोडलं की गुमान निघून जायला. सरळ घरी आली आणि कलीमच्या आईसमोर, जुबैदासमोर, कारण विचारू लागली.

"ज्याले सायकल चालवता येत नाही, तो संसार काय चालवन?" कलीम म्हणाला.

"मंग चालवा. दारव्हा ते बोरी. कोणी हात लावायचा नाही, पाय टेकायचा नाही. पोचले तर याच महिन्यात निकाह. नाही पोचले तर अब्बा म्हणन तिथं जाते मी."

जुबैदाने डोळ्याला पदर लावला. पोरगी माझ्या लेकाला मारायला निघाली, असं ती आठ दिवस म्हणत होती. शर्यतीचे अध्यक्ष तर नंबर द्यायलाच तयार नव्हते. रस्त्यात काही बरंवाईट झालं तर निस्तरणार कोण? इंद्रजीतने त्यांचं डोकं खाऊन खाऊन नंबर आणला.

सरकीचा तेलकट वास आला. म्हणजे कापसाचं जिनिंग आलं, अर्धा रस्ता सरला. एक ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला आणि त्याच्या वाऱ्याने सायकल लटपटली. कलीमने दातओठ खाऊन ती सावरली. बाकीचे सायकलवाले कधीच पुढे निघून गेले होते. आपल्यापायी इंद्रजीतही मागे राहिला, हे त्याच्या मनाला लागत होतं.

"तू जा न बे पुढं," तो म्हणाला.

"मले तिथं कोण बायको देऊन राह्यलं?" इंद्रजीत म्हणाला. "गुमान ये मागं."

बोरीच्या पुलावर घात झाला. येणाऱ्यांच्या स्वागताला कोण्या हौशी माणसाने डीजे लावला होता, तोही असा की छाती हादरावी. घंटी त्यात बुडाली. इंद्रजीतची बडबडही बुडाली. कलीमची बोटं ब्रेकवर गेली. पाय टेकला की संपलं सगळं. तो भ्याला, साफ भ्याला. दवाखान्यातही एवढा भ्याला नव्हता.

मग त्याने रस्ता आठवला. पूल सरला की उतार, उताराला डाव्या हाताला भज्यांची दुकानं, तिथून पुढे सरळ. तळणाचा वास आला, डावीकडूनच आला. चाकाखाली मुरूम करकरला. त्याने हँडल जरासं आत घेतलं आणि चाक पुन्हा डांबरावर चढलं. या अल्ला म्हणत त्याने मान खाली घातली आणि होता नव्हता तेवढा जोर पायात आणला.

छातीला फीत लागली. पहिल्या आलेल्याने ती कधीच तोडली होती. कोणीतरी कलीमसाठी पुन्हा बांधून ठेवली होती. चार हातांनी त्याची सायकल धरली. डीजे बंद झाला आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. इंद्रजीत त्याच्या गळ्यात पडून लहान लेकरासारखा रडत होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला बोलायला काही सुचत नव्हतं.

आपण पोचलो यावर कलीमचाच विश्वास बसेना. सुख असं अंगावर आलं की त्यालाही रडू फुटलं. त्याने इंद्रजीतचा खांदा घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "शगुफ्ता आली काय रे?"

शगुफ्ता त्याच्या अगदी तोंडासमोर, हातभर अंतरावर, केव्हाची उभी होती. तिने काखेतली त्याची पांढरी काठी इंद्रजीतकडे दिली, आणि कलीमचा हात उचलून आपल्या ओल्या गालावर ठेवला.