हात सोडून

“सायकल,” दुसऱ्या रांगेतून आवाज आला. मान वर न करताच ताईला कळलं, हा आपला धाकटा भाऊ.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी तिघांचा प्रयोग असायचा. प्रेक्षकांनी एक शब्द द्यायचा, तिघांपैकी एकाने त्यावरून स्वतःच्या आयुष्यातला खरा प्रसंग सांगायचा, आणि बाकीच्या दोघांनी तिथल्या तिथे त्यातली माणसं व्हायचं. लिहिलेलं काही नाही, तालीम नाही. अट एकच, खोटं सांगायचं नाही. ताई पोस्टाच्या काउंटरवर बसायची, लंबू फ्रिज दुरुस्त करायचा, आणि घारी दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. “नट म्हणाल तर हे दोघं,” ताई सगळ्यांना सांगायची, “मी आपली त्यांच्या मध्ये उभी राहते.”

भाऊ आज पहिल्यांदाच आला होता, चष्म्याचं दुकान बायकोवर सोपवून. त्याला स्वतःचीच गोष्ट ऐकायची होती. घरात चार माणसं जमली की ताई ती सांगायची आणि सगळे पोट धरून हसायचे. सहा वर्षांच्या या पठ्ठ्याला ती सायकल शिकवत होती, तर याने ऐटीत दोन्ही हात सोडले आणि धाडकन आपटला. उजवं कोपर मोडलं. ते अजून पुरतं सरळ होत नाही. तेव्हापासून घरात त्याचं नाव ‘सर्कस’.

ताईने सुरुवात केली. सहा फुटी लंबू गुडघे वाकवून सहा वर्षांचा झाला. हवेतलं हँडल घट्ट धरून तो बारीक आवाजात म्हणाला, “मला पडायचं नाहीये हं.” लोक हसले. ताईने त्याच्या शर्टाचं मागचं टोक पकडलं, सीट धरावी तसं, आणि दोघं रंगमंचावर गोल धावू लागले.

घारीला अजून काही काम नव्हतं. ती कडेच्या टेबलावर चढून बसली, पाय हलवायला लागली आणि शेजारची मुलगी झाली. अशी एक मुलगी तेव्हा खरंच होती, हे ताईने तिला सांगितलं नव्हतं. कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

“ए, इकडे ये ना,” घारी म्हणाली, “एक गंमत सांगते.”

ताईने वळून पाहिलं. शर्ट हातातून सुटला.

ती जागच्या जागी थांबली. त्या दिवशीही असंच झालं होतं. हात सोडल्याची गोष्ट तिनेच घरी येऊन रचली होती, आणि पुढे इतक्यांदा सांगितली की तिला स्वतःलाही ते तसंच दिसायला लागलं होतं.

लंबूला शर्ट ढिला झालेला कळला होता. मागे न बघता त्याने विचारलं, “ताई, धरलंयस ना?”

हॉलमध्ये पुन्हा हशा पिकला. ‘धरलंय रे’ म्हणायचं आणि पुढे जायचं, इतकं सोपं होतं. तेव्हा तिने तेच म्हटलं होतं. तिने दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. भाऊ हसत होता, आपण कधी पडतो याची वाट बघत.

“नाही,” ताई म्हणाली. “सोडलंय. तेव्हाही सोडलं होतं.” तिचा आवाज पोस्टातल्यासारखा सपाट झाला. “याने हात सोडले नाहीत. मी शेजारच्या मैत्रिणीकडे गेले. अकरा वर्षांची होते, घाबरले, आणि घरी सगळं याच्यावर ढकललं. हाताचं प्लास्टर ओलं असतानाच बाबांनी याला दोन ठेवून दिल्या. मी दारात उभी होते.”

घारीचे पाय हलायचे थांबले. लंबू मात्र सरळ झाला नाही. गुडघे वाकवून, हँडल धरून, तो तसाच उभा राहिला.

भाऊ उठला. त्याने चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“तेव्हाच. ‘धरलंय’ म्हणालीस ना, तर आवाज लांबून आला.”

“मग बोलला का नाहीस?”

“आधी बाबांच्या भीतीने. आणि मग शाळेत जरा भाव मिळायला लागला. हात सोडून सायकल चालवणारा वर्गात दुसरा कोणी नव्हता.”

मागे कोणीतरी हसलं आणि गप्प झालं.

“रागावलो होतो,” भाऊ म्हणाला. “खोटं कशाला सांगू? बरीच वर्षं. पण ताई, मला दुसराच राग आहे. तू पुढचं कधी सांगतच नाहीस. तू सोडल्यावर मी लगेच पडलो नाही. विजेच्या खांबापर्यंत गेलो. एकटा. खांबाच्या पुढे गटार होतं, तिथे पडलो. सगळे त्या पडण्यावरच हसतात. त्याच्या आधी मी सायकल चालवत होतो, हे कुणाला माहीतच नाही.”

लंबूने विचारलं, त्याच बारीक आवाजात, “खांब किती लांब होता?”

भावाने हॉलवर नजर फिरवली. “इथून त्या दारापर्यंत. थोडा जास्तच.”

लंबूने हँडल वळवलं. पायरी उतरून तो खुर्च्यांच्या मधल्या वाटेत शिरला आणि दाराच्या दिशेने निघाला. लोकांनी पाय आत घेतले. घारी टेबलावर उभी राहून बघू लागली. ताई रंगमंचाच्या कडेला आली.

“हळू जातोयस,” भाऊ म्हणाला. “मी यापेक्षा जोरात होतो.”