तेवीस ठिपके

"नातवंडांची नावं विसरणारा माणूस उद्या रस्ताही विसरेल," म्हणत नवऱ्याने वडिलांच्या स्कूटरची किल्ली काढून घ्यायचं ठरवलं. बायकोने आठवड्याची मुदत मागितली आणि सासऱ्यांच्या फोनवर माग काढणारी अ‍ॅप्स पारखायला घेतली. पहिलं बॅटरी गिळायचं, दुसऱ्याने नकाशावर स्कूटर तळ्यात बुडवली. तिसऱ्याने आज त्यांच्या फेरफटक्याची रेघ नकाशावर ओढली, तिच्यावर तेवीस ठिपके. "तेवीसदा थांबलेत. भरकटलेच," नवरा म्हणाला. तिने ठिपके मोठे केले. बसथांबा. पुढचाही बसथांबा. एकतीस वर्षं सासऱ्यांनी ज्या मार्गावर बस चालवली, त्याचा एकही थांबा चुकला नव्हता. एक ठिपका मात्र रेल्वेच्या रुळांपाशी होता; तिथे चार मिनिटं का थांबले, ते कळेना. इतक्यात सासरे दारात आले. "उशीर झाला, पोरी. चार मिनिटं. फाटक बंद होतं." त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली. ती काढायला नवऱ्याचा हात धजेना.