भाकर मोडण्याआधी

उपासना संपून चहा सुरू झाला, तरी श्वेतापुढची रांग काही हलेना.

नलिनीबाई आपला कप घेऊन भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि तिकडे बघत नसल्यासारखं दाखवत सगळं बघत होत्या. रांगेच्या टोकाला चक्क दशरथकाका उभे होते. ज्यांना बाईंनी माणसात आणलं, ते दशरथकाका!

श्वेता येण्याआधी मुलुंडच्या या लहानशा ख्रिस्ती मंडळीत कुणाला काही अडलं, की शास्त्र काय सांगतं ते विचारायला लोक नलिनीबाईंकडे येत. शाळेतून निवृत्त झाल्या तरी त्यांचा शिकवण्याचा सोस सुटला नव्हता आणि त्यांची उत्तरं रोखठोक असत. ऑफिसातल्या सत्यनारायणाचा प्रसाद घ्यावा का? नाही. विमलाच्या मुलीने हिंदू मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा विमला विचारायला आली होती, लग्नाला जाऊ का? नाही. विमला गेली नाही. दशरथकाकांची दारू सुटत नव्हती. बाईंनी त्यांना सगळ्या मंडळीसमोर उभं करून कबुली द्यायला लावली, आणि बाटली सुटली ती कायमची.

आणि ही श्वेता? पवईच्या कुठल्याशा ऑफिसात नोकरी, मंडळीत येऊन जेमतेम वर्ष झालेलं. कुणी काही विचारलं की ही आधी निवांत ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "खरं सांगू? मलाही नक्की ठाऊक नाही. आपण मिळून प्रार्थना करू ना." लोक डोळे पुसत, हलके होऊन घरी जायचे. 'ठाऊक नाही' एवढं ऐकायला रांग कशाला लावायची, हे बाईंना कळत नव्हतं. त्यांचा नुसता जळफळाट व्हायचा. त्या मात्र त्याला मंडळीची काळजी म्हणत.

त्यातच पाळकसाहेब खुर्ची ओढून शेजारी बसले.

"बाई, शनिवारचा शास्त्राभ्यास पुढच्या महिन्यापासून श्वेताला देऊन बघू या का? तुम्हालाही जरा विश्रांती."

"कुणी सुचवलं?"

"तसं कुणी नाही."

"श्वेताने?"

"छे, छे. ती तर नकोच म्हणते."

नकोच म्हणते! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं जिवापाड सांभाळलेला वर्ग ही मुलगी साळसूदपणे ढापणार, आणि वर नको नको करत ढापणार. हिच्या मनात आपल्याविषयी काय काय असेल, हे बाईंना चांगलंच ठाऊक होतं. ते तिच्या तोंडून सगळ्यांसमोर बाहेर आलं पाहिजे, म्हणजे पाळकसाहेबांचेही डोळे उघडतील.

पुढच्या शनिवारी नाहूरला विमलाच्या घरी वर्ग भरला. बाईंनी विषय निवडला होता, मनात अढी असताना प्रभुभोजनाची भाकर घ्यावी का?

"घ्यायचं नाही," बाई म्हणाल्या. "आधी उठायचं, त्या माणसाकडे जायचं, क्षमा मागायची. मग भाकर."

"बाई, पण वचनात थोडं वेगळं आहे ना?" श्वेता हळूच म्हणाली. "दुसऱ्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, असं आठवलं तर आपण जायचं. म्हणजे ज्याच्यावर राग आहे, त्याने उठायचं."

"त्याला काय स्वप्न पडणार आहे? अढी ज्याच्या मनात, पाप त्याचं. त्यानेच उठायचं."

श्वेताने बायबल मिटलं. बाईंना बरं वाटलं.

विमला चहाचा ट्रे घेऊन दारात थबकली होती. "म्हणजे खरंच जायचं, बाई? सगळ्यांदेखत?"

"सगळ्यांदेखत."

"आणि समोरच्याला वाईट वाटलं तर?"

"वाटू दे की. खरं बोलायला लाज कसली?" हे बाई श्वेताकडे बघून म्हणाल्या. "उद्या प्रभुभोजन आहेच. मी पाळकसाहेबांशी बोलते."

रविवारी भाकरीवरचं पांढरं कापड काढण्याआधी पाळकसाहेब थांबले. म्हणाले, "कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल, तर आत्ताच उठा. आम्ही वाट बघतो."

नलिनीबाई पहिल्या बाकावर ताठ बसल्या. क्षमा करायचा चेहराही त्यांनी तयार ठेवला होता. मागे बाक करकरलं, चपला वाजल्या. आली वाटतं.

पण आली ती विमला. येऊन बाईंसमोर उभी राहिली. तिच्या मागे दशरथकाका आले. मग गंधाली, मग केतन आणि त्याची बायको, मग गाणाऱ्या मुली. रांग वाढत वाढत दारापर्यंत गेली. शेवटी वेदीवरून उतरून पाळकसाहेबही रांगेत लागले.

बाईंना भरून आलं. आपल्याला बाजूला सारलं, याची बोच प्रत्येकाला लागली होती तर! सगळेच्या सगळे परत आले होते. त्यांनी मान वळवून पाहिलं. श्वेतापुढे एकही माणूस नव्हतं. ती एकटीच आपल्या जागी शांत बसून होती. आजसुद्धा उठली नाही. बस म्हणावं, आणि रांग कुणापुढे लागते ते बघ.

बाईंनी विमलाचे दोन्ही हात हातात घेतले. "बोल विमला. मनात काही ठेवू नकोस. माझी क्षमा आहे तुला."

"बाई, तुम्ही दर शनिवारी माझ्या घरी येता, मी तुम्हाला चहा देते आणि मनात म्हणते, ही बाई मरत का नाही," विमला म्हणाली. "क्षमा करा. आणि थोडक्यात सांगते हां, मागे सगळे थांबलेत."